काकांच्या ट्रंकेतले दोन नट

प्रश्न थोडक्यात असा आहे. काका बोटीवर नोकरीला होते. सत्तरच्या दशकात त्यांनी योकोहामाहून दोन जपानी छापचित्रं आणली. एक फ्रेममध्ये आहे: काळसर, चकाकती पार्श्वभूमी, तिरळे डोळे, मुडपलेले ओठ आणि छातीशी फाकलेले दोन पंजे. दुसरं कपाटात लिफाफ्यात पडून आहे: कमरेपर्यंतचा एक पुरुष, मागे रस्ता आणि डोंगर, कडेला लाल चौकटीत अक्षरं, तीन छोटे शिक्के आणि कसरीने पाडलेली भोकं. पहिलं जगप्रसिद्ध दिसतंय, तर ते अस्सल आहे का? माणूस इतका विद्रूप का काढलाय? भिंतीवर लावावं का? आणि दुसरं टाकून द्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. टाकू नका! फोटोंवरून माझा अंदाज असा की फ्रेममधलं चित्र विसाव्या शतकातली प्रतिकृती आहे आणि लिफाफ्यातलं १८५२ सालचं अस्सल आहे. कागदावरच्या कलाकृतींचं जतन करण्यात माझी तेवीस वर्षं गेली. घरोघरच्या ट्रंका उघडताना हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता आश्चर्य वाटत नाही. ओळखीचं दिसतं ते फ्रेममध्ये जातं आणि अनोळखी असतं ते जुन्या लिफाफ्यात.

आता तो तिरळा माणूस. त्या चेहऱ्याला दोन नावं आहेत, आणि ही गोष्ट कळली की या प्रकारच्या सगळ्याच चित्रांचं कुलूप उघडतं. नटाचं नाव ओतानी ओनिजी तिसरा, आणि त्याने केलेली भूमिका एदोबेईची. १७९४ च्या पाचव्या महिन्यात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, कावाराझाकी-झा या नाटकगृहात लागलेल्या काबुकीतला, म्हणजे जपानी लोकनाट्यातला, हा भाडोत्री गुंड. मालकाचे पैसे घेऊन निघालेल्या इप्पेई नावाच्या नोकराला लुटायला तो टपलाय. त्याच मालिकेत इप्पेईचंही चित्र आहे, तलवारीला हात घातलेला. दोन्ही शेजारी ठेवली की मारामारी सुरू व्हायच्या आधीचा श्वास ऐकू येतो. चित्रकाराचं नाव तोशुसाई शाराकू, प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. कडेला डोंगराच्या शिखराखाली वेलीचं पान असलेली छोटी खूण दिसते, ती या त्सुतायाची.

तेव्हा तुम्ही ज्याला विद्रूप म्हणता तो चेहरा अर्धा एदोबेईचा आहे आणि अर्धा ओनिजीचा. काबुकीत प्रसंग टोकाला गेला की नट एका आविर्भावात गोठतो. त्याला ‘मिए’ म्हणतात. कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो, नट डोळे वटारतो, बऱ्याचदा एक बुबुळ नाकाकडे ओढतो, आणि प्रेक्षकांतून आरोळ्या उठतात. एदोबेईचे डोळे त्या वळणाचे आहेत. तो तिरळेपणा भूमिकेचा. लांब, बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी मात्र ओनिजीची स्वतःची, आणि ती शाराकूने झाकली नाही. हात पाहा. तोंडाच्या मानाने फारच लहान, मनगट कुठून आलं त्याचा पत्ता नाही. कलामहाविद्यालयात कुणी असे हात काढून दिले तर मास्तर वही परत करतील. पण ते चुकलेले हातच एदोबेईला धोकादायक करतात. नीट काढले असते तर तो फक्त रागावलेला वाटला असता.

शाराकू आला आणि गेला, सगळं मिळून दहा महिन्यांत. १७९४ च्या उन्हाळ्यात पहिल्या फटक्यात अठ्ठावीस मोठ्या चेहऱ्यांची चित्रं, सगळी गडद अभ्रकाच्या पार्श्वभूमीवर. मग पूर्ण उभ्या आकृती, मग लहान आकाराची चित्रं, आणि १७९५ च्या सुरुवातीला सगळं बंद. एकूण दीडशेच्या आतबाहेर रचना. तो कोण होता यावर ढिगाने लिहिलं गेलंय. आज बहुतेक अभ्यासक आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला साइतो जुरोबेई हा नोह नाटकातला नट मानतात. एकोणिसाव्या शतकातली एक नोंद तसं सांगते, आणि मला ते पटतं. मुखवट्यांच्या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या माणसानेच रंगवलेल्या तोंडाकडे असं पाहावं. तो थांबला का, यावर त्याच्याच काळातला लेखक ओता नान्पो लिहून गेलाय, त्याचा आशय असा: याने नटांची हुबेहूब चित्रं काढली, पण खरं दाखवण्याच्या भरात नको ते काढलं, म्हणून फार टिकला नाही.

नको ते म्हणजे काय, हे स्त्रीभूमिकांच्या चित्रांत स्पष्ट दिसतं. १६२९ मध्ये बायकांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली. तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषच करत आले, त्यांना ओन्नागाता म्हणतात. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल बायकांनी केली, ती गोष्ट माहीत असलेल्याला हे वेगळं समजवायला नको. सानोगावा इचिमात्सु या नटाच्या पोशाखावरची चौकडी एदोत इतकी चालली की तिला आजही इचिमात्सु म्हणतात. २०२० च्या तोक्यो ऑलिंपिकचं बोधचिन्ह त्या चौकडीवरूनच घेतलं. सेगावा किकुनोजो दुसरा या नटाच्या नावाने तर एक तपकिरी छटाच प्रसिद्ध झाली. अशा नटाचं चित्र विकत घेणाऱ्याला सुंदर स्त्री हवी असते. शाराकूने तिच्यात जाड मान आणि रुंद जबडा असलेला मध्यमवयीन पुरुष दाखवला. त्याच वर्षी तरुण उतागावा तोयोकुनीने डौलदार, उभे, गोंडस नट काढायला घेतले आणि बाजार मारला. तोयोकुनीला कुणी भित्रा म्हटलं की मला राग येतो. नटाला त्याच्या चाहत्यांच्या नजरेतून दाखवणं हेही कसबाचंच काम आहे. आणि खरं सांगायचं तर शाराकूची शेवटच्या महिन्यांतली चित्रं मला फारशी आवडत नाहीत, घाईची वाटतात. त्याची सगळी पुण्याई त्या पहिल्या अठ्ठावीसात आहे.

हुबेहूब चेहरा काढायची सुरुवात मात्र शाराकूची नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तोरी घराण्याचे चित्रकार नाटकगृहांच्या पाट्या रंगवायचे आणि तसेच नट छापायचे: भोपळ्यासारख्या फुगीर पोटऱ्या, गांडुळासारख्या वळवळत्या रेषा. जोर भरपूर, पण चेहरे सगळे एकसारखे. नट ओळखायचा तो बाहीवरच्या घराण्याच्या चिन्हावरून. १७६५ च्या सुमारास अनेक रंगांची छपाई आली, आणि मग कात्सुकावा शुनशोने प्रत्येक नटाला त्याचं स्वतःचं नाक दिलं. त्याचा शिष्य शुनको याने नुसता मोठा चेहरा काढायला सुरुवात केली. शाराकू त्या वाटेने आला आणि शेवटच्या टोकापर्यंत गेला.

आता अस्सल-नक्कल. इथे एक गैरसमज आधी काढायला हवा: या प्रकारात ‘मूळ चित्र’ म्हणून जपून ठेवलेलं काही नसतं. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषा काढतो, तो कागद जंगली चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतात, आणि कोरणारा त्या रेषांवरूनच सुरी चालवतो. चित्र फळीवरच संपतं. मग त्या काळ्या रेषांच्या छापावर रंग ठरवून प्रत्येक रंगाची वेगळी फळी कोरायची. सगळ्या फळ्यांना एकाच कोपऱ्यात आणि एकाच कडेला खाच असते, कागद तिथेच टेकवायचा, म्हणजे रंग रेषेबाहेर सरकत नाही. दाब यंत्राचा नाही. बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती कागदाच्या पाठीवर हाताने घासायची. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसा लावणारा प्रकाशक असे चौघे, आणि नाव मात्र चित्रकाराचंच. मी एकदा शिकायला म्हणून कपाळावरची केसांची रेघ कोरून पाहिली होती. एका मिलिमीटरात दोन-तीन केस बसवायचे असतात. माझे सगळे मोडले, पहिल्याच छापात नटाला टक्कल पडलं.

म्हणून अस्सल म्हणजे काय, तर त्या काळी कोरलेल्या फळ्यांवरून त्या काळी छापलेलं. नंतर कुणी नव्याने फळ्या कोरून, तशाच कागदावर, तशाच हाताने छापलं तर ती प्रतिकृती. तिला फसवणूक म्हणू नका; तोक्योत आदाचींसारख्या कार्यशाळा आजही हे काम उघडपणे आणि फार सुंदर करतात. तुमच्या फ्रेममधल्या चित्राला चारही बाजूंनी रुंद, स्वच्छ पांढरा समास दिसतो. अठराव्या शतकातली चित्रं बहुतेक कडेपर्यंत कापलेली असतात. अभ्रक तुमच्याकडे सगळीकडे सारखं चमकतंय. जुन्या प्रतीत ते बोटं लागून झडलेलं असतं, दिव्यासमोर तिरकं धरलं की मधेमधे विझलेले ठिपके दिसतात. भिंगाखाली पाहा. छापखान्यातल्या पोस्टरसारखे बारीक ठिपक्यांचे जाळे दिसले तर ती हाताची छपाईसुद्धा नाही. ठिपके नसले तर चित्र फ्रेममधून काढून पाठ बघा. हाताने छापलेल्या कागदाच्या पाठीवर चकती घासल्याच्या गोल खुणा आणि झिरपलेला रंग असतो. शाराकूच्या या चित्राच्या जुन्या प्रती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटसारख्या संग्रहालयांत आहेत; योकोहामाच्या दुकानात बोटीवरच्या माणसाच्या पगारात एखादी मिळणं कठीण. पण हातछपाईची चांगली प्रतिकृती निघाली तर मी ती आनंदाने भिंतीवर लावीन, आणि तुम्हीही लावा.

लिफाफ्यातल्या माणसाकडे येतो. लाल लांबट चौकटीत ‘तोयोकुनी’ अशी सही आहे. मघाशी ज्याचं नाव घेतलं तो हा तोयोकुनी नव्हे. तो १८२५ मध्ये वारला. त्याचा शिष्य कुनिसादा याने १८४४ मध्ये गुरूचं नाव घेतलं, ही सही त्याची. शेजारचे दोन गोल शिक्के तपासनिसांचे: प्रत्येक चित्र छापण्याआधी परवानगी लागायची आणि त्या काळात ती वस्तीच्या मुखियांकडून मिळायची. तिसरा लंबगोल शिक्का तारखेचा. त्यात उंदराचं अक्षर आहे (तिथे वर्षांना बारा प्राण्यांची नावं असत), म्हणजे १८५२. दोन गोल आणि एक लंबगोल ही जोडी १८५२ आणि १८५३ याच दोन वर्षांतली, त्यामुळे वर्षाबद्दल शंका राहत नाही. मागचा रस्ता एदोहून क्योतोला जाणारा तोकाइदो. त्या रस्त्यावरच्या एकेका मुक्कामापुढे एकेक नट उभा करणारी कुनिसादाची मालिका त्या वर्षी तुफान खपली. मागची निसर्गदृश्यं बरीचशी हिरोशिगे या निसर्गचित्रकाराच्या गाजलेल्या चित्रांवरून उचललेली आहेत.

आणि गंमत अशी की त्यावर नटाचं नाव कुठेच नाही. मुक्कामाचं नाव आहे, भूमिकेचं आहे, नटाचं नाही. १८४२ मध्ये सरकारने उधळपट्टीविरुद्ध मोहीम काढली, नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी केली, नाटकगृहं शहराच्या टोकाला आसाकुसाजवळ हलवली, आणि सातव्या इचिकावा दांजुरो या नटाला चैनीबद्दल एदोतून हाकलून दिलं. काही वर्षांनी बंदी सैल पडली आणि चित्रं परत आली, पण नावाविना. गिऱ्हाइकांना फरक पडला नाही. शुनशोपासून ऐंशी वर्षं त्यांची नजर नाकं ओळखण्यात तयार झाली होती. कुनिसादाने तर या मालिकेत तेव्हा हयात नसलेले नटही घातले आणि लोकांनी तेही ओळखले. पूर्वी चिन्हाशिवाय नट ओळखता येत नव्हता, आता चेहरा हेच नाव झालं होतं.

तुमच्या चित्रातला लांबट, निमुळता चेहरा आणि वर चढलेले अरुंद डोळे पाहून मला तो आठवा दांजुरो वाटतो, हाकललेल्या सातव्याचा मुलगा. बाहीवर एकात एक तीन चौकोन दिसले तर पक्कंच, ते इचिकावा घराण्याचं चिन्ह. आपली धान्य मोजायची मापं असतात ना, तशी तीन मापं एकात एक ठेवून वरून पाहिल्यासारखं. फोटोत नेमकी तिथे घडी आलीय. तो असेल तर हे चित्र छापलं तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि एदोतल्या बायकांच्या गळ्यातला ताईत होता. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, ओसाकाला प्रयोगासाठी गेला असताना त्याने आत्महत्या केली. कारण आजवर उलगडलेलं नाही. बातमी एदोत पोचताच प्रकाशकांनी त्याची मृत्युचित्रं काढायला सुरुवात केली: फिकट निळा पोशाख, मृत्यूची तारीख, मरणोत्तर नाव. एका नटाच्या मृत्यूवर शंभराहून जास्त वेगवेगळ्या रचना निघाल्या. एकीत तर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या चित्राची नक्कल आहे: दांजुरो आडवा पडलाय आणि भोवती बायका रडतायत. पुष्कळशा चित्रांवर चित्रकाराची सहीच नाही.

किमतीबद्दल अपेक्षा ठेवू नका. कुनिसादाने हजारोंनी रचना केल्या, त्या काळी एक चित्र एक-दोन वाट्या सोबा नूडल्सच्या भावात मिळायचं, आणि आज जगभर भरपूर शिल्लक आहेत. त्यात तुमच्याला भोकं. विकण्यापेक्षा ठेवण्यात मजा आहे.

ठेवायचं कसं? जुने रंग म्हणजे आपल्या ओळखीची मंडळी: लाल-गुलाबी करडईच्या फुलांचा, पिवळा हळदीचा किंवा हरताळाचा. निळा १८३० नंतर बहुतेक परदेशी प्रशियन निळा. प्रशियन निळा उजेडाला बऱ्यापैकी दाद देत नाही, करडई आणि हळद मात्र लगेच हार मानतात. सुरुवातीच्या काळात मी हौसेने एक कुनिसादा घेऊन पुण्याच्या घरात खिडकीसमोर लावला होता, जांभळ्या किमोनोतली एक ओन्नागाता. उन्हाची थेट तिरीप नव्हती म्हणून निर्धास्त होतो. चार वर्षांनी फ्रेम उघडली. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, कडेखाली दबलेली बोटभर पट्टी जांभळी होती आणि उरलेला किमोनो निळसर राखाडी. जांभळ्यातली करडई उडून गेली होती आणि नुसता निळा मागे राहिला होता. ते चित्र अजून माझ्याकडे आहे, शिकाऊ मुलांना दाखवायला.

तेव्हा लिफाफ्यातलं चित्र भिंतीवर नको. लिफाफा बदला, तो जुना तपकिरी कागद आम्ल सोडतो. आम्लरहित कागदाची घडी करा, तिच्यात चित्र सपाट ठेवा, वर-खाली आम्लरहित पुठ्ठा, आणि हे सगळं बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा बदला. डांबरगोळी चित्राजवळ नको. कसर अजून जिवंत आहे का ते पाहायला पांढऱ्या कागदावर चित्र आठवडाभर ठेवा. कागदावर ताजा भुगा पडला तर आधी कसरीचा बंदोबस्त करून घ्यावा लागेल. भोकांना सेलोटेप लावू नका, पारदर्शक, ‘काढता येणारी’, कसलीच नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद घेऊन आम्ही ती मागून बुजवतो, आणि पुढे कुणाला काढावीशी वाटली तर पाण्याने सुटतात. ते घरी करू नका.

एवढं एक करा: घडी हाताने न दाबता, खिडकीपाशी, फ्लॅशशिवाय, डाव्या बाहीचा आणि पूर्ण पाठीचा फोटो पाठवा. तीन चौकोन आहेत की नाहीत, ते मलाही बघायचंय.